पालक घालून केलेल्या किनव्याचा लगदा होतो आणि कडूही लागतो

मोरपंख:
पांढरा किनवा (क्विनोआ, भातासारखे शिजवायचे बारीक दाणे) १ कप, पाणी अडीच कप, पालकाची एक जुडी. सगळं एकाच पातेल्यात घालून, झाकण ठेवून २५ मिनिटं शिजवलं. लिंबूही तेव्हाच पिळलं. दाण्यांचा लगदा झाला, पालक मळकट शेवाळी दिसतोय आणि घास गिळल्यावर जिभेवर कडवटपणा राहतो. किनवा एकदा पाण्यातून काढला होता. दाणा मोकळा आणि पालक हिरवागार हवा असेल तर पाणी किती घ्यायचं, पालक कधी घालायचा? बाकी फक्त लसूण, ऑलिव्ह तेल आणि मिरपूड.

वाटीचमचा:
आधी कडूपणाचं बघू, कारण तो राहिला तर पुढचं सगळं फुकट. किनव्याच्या दाण्यावर सॅपोनिनचा थर असतो. तो कडू असतो आणि पाण्यात साबणासारखा फेसाळतो. नुसतं एकदा पाण्यातून काढून तो जात नाही. बारीक जाळीच्या गाळणीत घेऊन (मोठ्या भोकांच्या चाळणीतून दाणे निसटतात) वाहत्या पाण्याखाली बोटांनी चोळत दोनेक मिनिटं धुवा. खाली पडणाऱ्या पाण्यावर फेस दिसेनासा झाला की थांबा. पाकिटावर 'धुतलेला' असं लिहिलेलं असलं तरी एकदा खळबळून घ्याच. मग पाच मिनिटं पूर्ण निथळू द्या. ओला किनवा तसाच पातेल्यात टाकला तर न मोजलेलं पाणी आत जातं.

पाणी: १ कप किनव्याला (साधारण १७० ग्रॅम) पावणेदोन कप पुरतं. तुमचे अडीच कप आणि २५ मिनिटं, लगदा तिथेच झाला. निथळलेला किनवा जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर कोरडाच ३-४ मिनिटं परता. दाणे सुटे होऊन तडतडायला लागले आणि खमंग वास आला की उकळतं पाणी आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला. पुन्हा उकळी आल्यावर आच अगदी मंद करा, झाकण ठेवा, १५ मिनिटं. मध्ये ढवळायचं नाही. गॅस बंद केल्यावर झाकण न उघडता आणखी १० मिनिटं. मग एक दाणा बोटावर घेऊन बघा: अंग काचेसारखं झालेलं आणि कडेने पांढरी बारीक शेपटी सुटलेली दिसली की शिजला. मधोमध पांढरा ठिपका असेल तर दोन चमचे पाणी शिंपडून ३-४ मिनिटं वाफ द्या. मोकळा करायला काटा वापरा, डावाने दाणे चेपले जातात.

शेवंती:
वरच्या सगळ्याला +१. आता पालक. १ कप कच्च्या किनव्याला २५० ग्रॅम घ्या, शिजून तो मूठभर होतो. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि ते भांड्यात उतरतंच, म्हणून तो किनव्यात शिजवायचा नाही. धुऊन फडक्यावर कोरडा करा. पसरट कढई चांगली तापवून २ मोठे चमचे तेल, मंद आचेवर ४ पाकळ्या लसणाच्या पातळ चकत्या. कडा सोनेरी झाल्या की लगेच आच मोठी करून पालक दोन हप्त्यांत घाला. लसूण तपकिरी झाला तर त्याचाही कडवटपणा येतो आणि मग दोष उगाच किनव्यावर जातो. पालक दीड-दोन मिनिटांत मावळतो. झाकण ठेवू नका. त्यात किनवा घालून मिनिटभर परता, मीठ-मिरपूड घाला आणि गॅस बंद.

लिंबू ताटात वाढताना. आम्लामुळे हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि पान शेवाळी होतं. झाकणाखाली पानांतली स्वतःची आम्लंही वाफेबरोबर तिथेच कोंडतात, त्यामुळे तुमच्याकडे दुहेरी नुकसान झालं.

मोरपंख:
धन्यवाद, चूक कळली. पालकाऐवजी केल (kale, जाड पानांची पालेभाजी) चालेल का? आणि तिरंगी किनव्याला हेच प्रमाण का?

काजवा:
केल चालेल, पण मधला दांडा काढून पानं बारीक चिरा, चिमूटभर मीठ लावून हाताने मिनिटभर चुरा, मग ५-६ मिनिटं परता. इथे मात्र दोन चमचे पाणी आणि झाकण हवंच, नाहीतर चामट राहतं. चार्ड (जाड देठांची पालेभाजी) असेल तर देठ वेगळे चिरून ३ मिनिटं आधी टाका.

लाल आणि काळा दाणा टणक असतो. तिरंगीला पाणी दोन कप, वेळ १८-२० मिनिटं. त्यात पांढरा जरा जास्त मऊ होतो, ते टळत नाही.

पालक खाल्ल्यावर दातांवर खडूसारखं लागतं ते ऑक्सलेटमुळे (पालकात मुळातच असणारा एक क्षार). ज्यांना ते सोसत नाही किंवा डॉक्टरांनी ऑक्सलेट कमी करायला सांगितलंय, त्यांनी पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, गार पाण्यात टाकून, घट्ट पिळून घ्यावा आणि ते पाणी फेकून द्यावं. एरवी मी शेवंतींच्या पद्धतीच्याच बाजूने, पिळलेल्या पालकाची चव फिकी पडते.

आत्ताचा लगदा टाकू नका. पसरट तव्यावर थर देऊन मंद आचेवर, उघडाच, ५-६ मिनिटं ठेवा, बरंच पाणी उडतं. आदल्या दिवशी शिजवून ताटात पसरून गार केलेला आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवलेला किनवा परतायला सगळ्यात मोकळा मिळतो. ३-४ दिवस टिकतो. पालक मात्र त्या-त्या वेळी ताजाच परता.