मदत हवी आहे: जुन्या बास्केटबॉलपटूची शिक्षकी वर्षं कशी शोधायची?

अमेरिकेत १९४८ ते १९५० खेळून पुढे शाळाशिक्षक झालेल्या एका खेळाडूचं चरित्र जुळवायचं आहे. खेळाची बाजू स्पष्ट आहे: १९४९मध्ये एनबीएल (नॅशनल बास्केटबॉल लीग) आणि बीएए (बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका) या दोन व्यावसायिक लीग मिळून एनबीए (नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन) झाली, पण एनबीए स्वतःच्या नोंदींत बीएएचेच आकडे धरते, एनबीएलचे नाही. रिबाउंडची, म्हणजे नेम हुकल्यावर परत आलेला चेंडू पकडण्याची, नोंद १९५०-५१पासूनची; त्याआधीचा रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे.

अडतंय ते शाळेपाशी. वार्षिकांकात नाव, विषय, फोटो असतो, पण रुजू झाल्याची तारीख नसते. शाळामंडळाची इतिवृत्तं आधी मागवावीत की राज्याच्या अध्यापन परवान्याची नोंद? एकाच नावाचे दोन शिक्षक निघाले तर जन्मतारखेशिवाय ओळख कशी पटवायची? खेळातल्या गुणांपेक्षा वर्गातली वर्षं मोठी होती, ती अचूक यायलाच हवीत.