मदत हवी आहे : आईचे गुडघे आणि पावले सुजतात, आजार एक की दोन?

नमस्कार. मी देवगड तालुक्यातील एका खेड्यात राहतो. आईचे वय 63 आहे. तिचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात, गेले चार महिने ते सुजतातही, आणि आता दोन्ही पावलांवरही सूज येऊ लागली आहे. गेल्या आठवड्यात जोडवी साबण लावूनही निघेनात, तेव्हा सोनाराकडे जाऊन ती कापून घ्यावी लागली.

गुडघ्यांचे दुखणे जमिनीवरून उठताना आणि विहिरीकडच्या जांभ्याच्या पायऱ्या उतरताना वाढते. सकाळचा ताठरपणा दहा-पंधरा मिनिटांत जातो, बोटांचे सांधे ठीक आहेत, त्यामुळे ही झीज असावी असे वाटते. पावलांचे मात्र वेगळे दिसते. संध्याकाळी घोट्याजवळ अंगठा दाबून धरला तर खळगा पडतो आणि तो हळूहळू भरतो, पण रात्री पाय उशीवर ठेवून झोपली की सकाळपर्यंत सूज बरीच उतरलेली असते. दम लागत नाही, आणि एकच पाय सुजून पोटरी दुखते आहे असेही नाही.

शेजारचे लोक युरिक ॲसिडचे नाव घेऊन बांगडा-तारली बंद करायला सांगतात. परंतु युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या गाऊटचा झटका बहुधा अचानक येतो, बऱ्याचदा रात्री, एकाच सांध्यात, विशेषतः पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आणि सांधा लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. आईला असे कधी झालेले नाही. हत्तीरोगाचीही शंका काढली गेली, पण त्यात सूज बहुतेक वेळा एका पायाला जास्त असते आणि जुनी झाली की दाबून खळगा पडत नाही. मागच्या पावसाळ्यात वाडीत तापाची साथ होती व आईलाही तीन दिवस ताप आला होता, तपासणी मात्र झाली नाही. चिकनगुन्यानंतर सांधे कित्येक महिने दुखू शकतात, म्हणून ती शक्यता मी पूर्णपणे सोडलेली नाही.

माझी खरी शंका औषधांवर आहे. गुडघ्यांसाठी ती दुकानातून डायक्लोफेनॅक आणून दिवसाला दोन गोळ्या घेत होती, हे मला परवा तिच्या पिशवीतील रिकाम्या पट्ट्यांवरून कळले. अशा गोळ्यांनी शरीरात मीठ व पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून डॉक्टरांनी तिची रक्तदाबाची गोळी ॲम्लोडिपिन 5 ऐवजी 10 मिलिग्रॅम केली, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच पावले सुजू लागली. या गोळीने घोटे सुजू शकतात, आणि मात्रा वाढली की तसे होण्याची शक्यताही वाढते. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळीविषयी विचारले नाही आणि आईनेही सांगितले नाही. म्हणजे गुडघ्यांच्या दुखण्यावरच्या गोळीमुळेच शेवटी पावले सुजली, असे तर झाले नाही?

डायक्लोफेनॅक थांबवली आहे. रक्तदाबाची गोळी मात्र मी स्वतःहून बंद केलेली नाही, ते डॉक्टरांनाच ठरवू देणार आहे. लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, थायरॉईड आणि उभे राहून गुडघ्यांचा एक्स-रे, याखेरीज आणखी कोणती तपासणी करून घ्यावी? आधी ओरोसला फिजिशियनला दाखवावे, की थेट कोल्हापूरला संधिवाततज्ज्ञांकडे न्यावे? घाटातून इतके तास पाय लोंबकळत ठेवून बसणे तिला जमेल का, याचीही काळजी वाटते. ॲम्लोडिपिन बदलल्यावर कोणाच्या घरी सूज उतरली असेल तर तिला साधारण किती दिवस लागले, हेही कृपया लिहावे.