मदत हवी आहे: पोलिसवाल्या सिनेमाचं नाव सांगा, रविवारच्या आत

शहापूरकर: अर्धाच झाला आणि लाईट गेली. हॉटेलात गायिकेचा खून, शहरात मोर्चे. तपास करणारा अधिकारी स्वतः पैसे खाणारा, तरी प्रकरण सोडत नाही. खोल्या साफ करणाऱ्या पोरीनं बघितलेलं असतं. आई सकाळपासून विचारतेय, त्या पोरीचं काय झालं? रविवारी मामा येणार आहेत, त्याआधी नाव पाहिजे.

हिंडलगा_नाका: भाषा कुठली? आपल्या बेळगावच्या 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनावर कुणी काढलाय का? बाबा दर 1 जूनला हुतात्मा स्मारकावर न्यायचे, म्हणून विचारतोय.

शहापूरकर: नाही ओ, परदेशी आहे.

वडगावचा: मग 'अर्धसत्य' बघा की. 1983 चा, निहलानींचा. पटकथा तेंडुलकरांची, मूळ कथा पानवलकरांची. पोलिसावर त्याच्या तोडीचा सिनेमा नाही.

खानापूर_रान: त्यांनी दुसरा मागितलाच नाही. आणि त्यातला वेलणकर पैसे खाणारा नाही, आतून तुटत जाणारा आहे. शहापूरकर, शहर कैरो होतं का?

शहापूरकर: पाट्या उर्दूसारख्या होत्या. नायक सारखा सिगारेट ओढतो.

खानापूर_रान: मग 'द नाईल हिल्टन इन्सिडेंट', 2017. दिग्दर्शक तारिक सालेह, नायक फारेस फारेस. ती पोरगी सुदानची. 2008 साली दुबईत लेबनानी गायिका सुझान तमीमचा खून झाला, एका बड्या बिल्डरला आणि माजी पोलिसाला शिक्षा झाली. त्यावरून हा सुचला, पण गोष्ट नेलीय जानेवारी 2011 च्या कैरोत. इजिप्तनं शूटिंग होऊ दिलं नाही, मग कासाब्लांकात केलं.

वडगावचा: 25 जानेवारी म्हणजे तिथला पोलीस दिन. 1952 ला इस्माइलियात इंग्रजांशी लढताना पोलीस मेले, त्याची आठवण. पोलिसांच्या जाचाला कंटाळलेल्या लोकांनी 2011 च्या उठावाला मुद्दाम तोच दिवस धरला.

कॅम्पातला: असले सिनेमे आता इकडं थेटरात लागतच नाहीत. आम्ही सायकलवर डबलसीट जायचो इंग्रजी बघायला.

शहापूरकर: नावाबद्दल लई आभार. पण आईला इंग्रजी वाचता येत नाही. मराठी सबटायटल कुठं मिळतील?

खानापूर_रान: इंग्रजी लावा आणि शेजारी बसून सांगा. मी आजीला तसंच दाखवतो, दर सीनला थांबवून.

वडगावचा: अर्धसत्य हिंदीत आहे, तेवढी अडचणच नाही.

शहापूरकर: थांबवलं की आई उठून गॅसकडं जाते. ती पोरगी वाचते का, तेवढं आज सांगा.