मदत हवी आहे : नोटरीवर घेतलेले झोपडपट्टीतील घर पुनर्वसनात पात्र ठरते का?

नमस्कार. नाशिकमध्ये पंचवटीतील एका घोषित झोपडपट्टीत माझ्या मावशीचे घर आहे. रामकुंडावर फुलांची टोपली घेऊन बसणे हा तिचा रोजचा व्यवसाय, त्यामुळे तिची पहाट घाटावरच उजाडते. सध्या वस्तीच्या पुनर्विकासाची हालचाल सुरू असून सर्वेक्षण करणाऱ्यांनी दारावर लाल रंगाने क्रमांक टाकला आहे आणि तिच्या नावापुढे ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा मारला आहे.

अडचण अशी की घर 1995 च्या आधीपासून उभे आहे, मात्र काकांनी ते 2004 मध्ये मूळ रहिवाशाकडून शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरी करून विकत घेतले. मूळ रहिवाशाचा फोटोपास (झोपडीधारकाला मिळणारे छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र) आणि 1999 च्या मतदारयादीतील त्याचे नाव, दोन्ही आमच्याकडे आहेत. वीजमीटर आजही त्याच्याच नावावर आहे (बिल मात्र वीस वर्षे मावशीच भरते). काका आता हयात नाहीत आणि नोटरी त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे.

राज्याच्या 1971 च्या झोपडपट्टी कायद्यानुसार 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या झोपडीधारकास विनामूल्य आणि त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्यास सशुल्क पुनर्वसन मिळते, एवढे मी वाचले आहे. आमच्या बाबतीत झोपडी पहिल्या तारखेच्या आधीची आणि राहणारे नंतरचे. मग पात्रता झोपडीच्या वयावर ठरते की राहणाऱ्याच्या? हस्तांतरण आता नियमित करून घेता येते का, आणि त्यासाठी वारस दाखला पुरेसा आहे की न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणावे लागेल?

एका परिचितांनी पंतप्रधान आवास योजनेतून स्वतः घर बांधण्यासाठी केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अनुदान घेण्याचे सुचवले. त्या घटकासाठी जागा स्वतःच्या मालकीची लागते, आणि आमची वस्ती महापालिकेच्या जमिनीवर असल्याने तो मार्ग मला बंदच दिसतो. कोणाचा अनुभव वेगळा असल्यास अवश्य सांगावे.

मावशीची खरी धास्ती मात्र निराळीच आहे. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या जुन्या शहरविकास योजनेच्या काळात चुंचाळ्याला जी घरकुले बांधली गेली, तिकडे पाठवले तर पहाटे फुले घेऊन रामकुंडावर पोहोचायचे कसे, असे ती विचारते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पुनर्वसन त्याच जागेवर होणार की अन्यत्र, हे संमतीपत्रात स्पष्ट लिहून घेण्याचा आग्रह धरता येतो का? पुढच्या आठवड्यात शेजारचे गृहस्थ संमतीपत्रे गोळा करणार आहेत. शेरा दुरुस्त होण्यापूर्वी मावशीने सही करावी की थांबावे, याबद्दल या प्रक्रियेतून गेलेल्यांनी, विशेषतः नाशिकमधील कोणी असल्यास, कृपया मार्गदर्शन करावे.