मदत हवी आहे : फॅन आर्ट एआयच्या नकलेपासून कशी जपावी?

नमस्कार. मी सोलापूरची असून नोकरी सांभाळून गेली सहा वर्षे जपानी अ‍ॅनिमेतील (अ‍ॅनिमेशन मालिका-चित्रपटांतील) पात्रांची फॅन आर्ट, म्हणजे चाहती म्हणून चित्रे, काढते. माझी पात्रे सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसतात आणि खांद्यावर मोराच्या नक्षीची सोलापुरी चादर घेतात. तेवढी नक्षी भरायलाच मला दोन रात्री लागतात. मागच्या महिन्यात एका अनोळखी खात्यावर एआयने केलेली थेट तशीच चित्रे दिसली. फरक इतकाच, की मोराला तीन पाय होते आणि नक्षी काठाशी येऊन विरघळली होती. (ही चादर ज्या जॅकार्ड मागावर विणतात, त्याच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांची युक्ती संगणकाचा जनक मानल्या जाणाऱ्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली होती, हे आठवून हसावे की रडावे ते कळेना.)

शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये आणलेले ‘ग्लेझ’ हे सॉफ्टवेअर चित्रात डोळ्यांना जेमतेम जाणवणारे बदल करून शैलीची नक्कल अवघड करते. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर ते कोणी चालवले आहे का, आणि सपाट रंगांवर त्याचे डाग कितपत दिसतात? आधीच उचललेल्या चित्रांना त्याचा उपयोग नाही, हे मी जाणते.

दुसरी शंका मला अधिक छळते. मूळ पात्रेच माझी नसताना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली तक्रार करायला मला तोंड आहे का? वकिली करणाऱ्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.