ऑपरेशनमध्ये आईच्या मूत्रवाहिनीला इजा झाली – भरपाई कशी मागायची?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. १४ महिन्यांपूर्वी तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात आईची गर्भपिशवी काढली, ६० हजार भरले. घरी आल्यावर ताप, पोट फुगलेलं. दोनदा परत नेलं, दोन्ही वेळा "गॅस आहे" म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. शेवटी पुण्याला नेलं. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की डावी मूत्रवाहिनी कापली गेलीय आणि लघवी पोटात साठतेय. दुसरं ऑपरेशन, १९ दिवस दवाखान्यात, ३ लाख ४० हजार खर्च. आईचं शिवणकाम ५ महिने बंद. पहिले डॉक्टर म्हणतात, "तुम्ही सही केलेल्या फॉर्मवर हा धोका लिहिलेला होता." एक वकील म्हणतात २५ लाख मागू, दुसरे म्हणतात नादी लागू नका. काय करावं?

सुगरणीचा_खोपा
ताई, वाचून फार वाईट वाटलं. वडिलांच्या वेळी आम्ही यातून गेलोय, म्हणून सांगते: वकिलाच्या आधी कागद. पहिल्या दवाखान्याकडे संपूर्ण केसपेपर लेखी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आम्ही ८ महिने तोंडी मागत बसलो, ते महिने फुकट गेले.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायची, मुदत २ वर्षं. पहिल्या ऑपरेशनच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे वाद नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. शुल्क दवाखान्याला भरलेल्या रकमेवर ठरतं, ५ लाखांपर्यंत काहीच नाही. वकील सक्तीचा नाही, पण डॉक्टरी प्रकरणात असलेला बरा.

टाका_दोरा
मी सर्जन आहे. तुम्हाला आवडणार नाही, तरी प्रामाणिकपणे सांगतो. गर्भपिशवी काढताना मूत्रवाहिनीला इजा होणं हा माहीत असलेला धोका आहे, काळजी घेऊनही होतो. तेवढ्यावर तक्रार उभी केलीत तर समोरचा वकील ती खोडून काढेल. तुमचं खरं बळ पुढच्या दोन भेटींत आहे. ऑपरेशननंतर ताप आणि फुगलेलं पोट असलेल्या बाईची सोनोग्राफीसुद्धा न करता गोळ्या देणं, हे मला पटत नाही. सही धोक्याला दिलेली असते, नंतरच्या दुर्लक्षाला नव्हे. त्या दोन भेटींच्या चिठ्ठ्या जिवापाड जपा आणि दुसऱ्या युरॉलॉजिस्टचं (मूत्रविकार तज्ज्ञाचं) लेखी मत घ्या.

बार_रूम
टाका_दोरा यांच्याशी पूर्ण सहमत. रकमेबद्दल बोलतो. लोक कुणाल साहांच्या खटल्याचं नाव घेतात. त्यांच्या पत्नी १९९८ मध्ये चुकीच्या उपचारांमुळे गेल्या आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जवळपास ६ कोटी रुपये, वर ६ टक्के व्याज दिलं. पण त्या अमेरिकेत बालमानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांच्या कमाईचा हिशेब त्यात होता. दुसरीकडे आपल्या औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात १९६३ मध्ये नसबंदीच्या वेळी पोटात टॉवेल राहून एक बाई दगावली. तिच्या माणसांना १९९६ मध्ये निकाल मिळाला, रक्कम ३६ हजार. हा आकडा आजही माझ्या घशाखाली उतरत नाही.

तुमच्या बाबतीत दुसऱ्या उपचाराचा खर्च, प्रवास, बुडालेली कमाई, पुढच्या तपासण्या, शारीरिक-मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च असं वेगवेगळं मागा, वर व्याज. २५ लाख मागायला हरकत नाही, पण त्यामागे हिशेब हवा. मेडिकल कौन्सिलकडेही तक्रार करता येते, तिथे डॉक्टरवर कारवाई होते, पैसे मिळत नाहीत.

कोयनाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. पण शिवणकामाची पावती कुठून आणू? आणि आई म्हणते, "त्यांच्या हातून आपली दोन बाळंतपणं झाली, कशाला वाकड्यात शिरायचं?"

बार_रूम
पावती नसली तरी चालतं. गिऱ्हाइकांची शपथपत्रं द्या, मापांची वही असेल तर तीही.

सुगरणीचा_खोपा
आईंना घाई करू नका. आमचे वडीलही हेच म्हणायचे. पण तक्रार आईंच्या नावाने जाईल, त्यांना पटल्याशिवाय पुढे जाऊ नका. कागद मात्र आजच मागा.

कोयनाकाठ
अर्ज दिला, पोच मिळाली. आणि वही सापडली. त्या ५ महिन्यांची पानं कोरी आहेत. मी ती आईपुढे धरली. ती बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "सोमवारी वकिलांकडे मीपण येते."