'मुक्त ऊर्जा' आणि एन्थाल्पी : मराठीत काय म्हणावं?

शाईपेन_दादर
मराठी शाळांतून अकरावीला आलेल्या मुलांना मी दादरला रसायनशास्त्र शिकवते. परवा एका मुलीने लिहिलं, "मुक्त ऊर्जा म्हणजे अभिक्रियेत बाहेर पडलेली उष्णता." दहावीपर्यंत ती 'ऊर्जा मुक्त होते' म्हणजे 'बाहेर पडते' असंच वाचत आली आहे, तेव्हा तिने लावलेला अर्थ भाषेच्या अंगाने बरोबरच आहे. पण दाब कायम असताना किती उष्णता आली-गेली, हे एन्थाल्पीतला बदल सांगतो. फ्री एनर्जी, जिला आपण 'मुक्त ऊर्जा' म्हणतो, ही निराळीच गोष्ट: कामासाठी वापरता येईल तेवढी ऊर्जा. तिच्यासाठी 'मुक्त' सोडून दुसरा शब्द आहे का? आणि एन्थाल्पीला?

माटुंगेकर
ताई, आधी आकडे दाखवा, शब्द मागाहून. २५ अंश सेल्सियसला एक मोल हायड्रोजन जाळून द्रवरूप पाणी झालं की २८६ किलोज्यूल उष्णता मिळते. हा एन्थाल्पीतला फरक. तीच अभिक्रिया फ्युएल सेलमध्ये, म्हणजे इंधनातून थेट वीज काढणाऱ्या घटात घडवली, तर वीज म्हणून जास्तीत जास्त २३७ मिळतात. हा गिब्ज ऊर्जेतला, म्हणजे तुमच्या फ्री एनर्जीतला फरक. उरलेले ४९ उष्णता म्हणून सोडावेच लागतात, कारण वायूंचं पाणी झाल्याने एन्ट्रॉपी (ढोबळपणे, कणांचा विस्कळीतपणा) घटते आणि ती घट भोवतालात भरून निघावी लागते. यंत्र कितीही चांगलं बांधा, ते ४९ सुटत नाहीत. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही 'फ्री' वगळून नुसतं 'गिब्ज ऊर्जा' म्हणा असं सुचवलं आहे. वाद मिटला.

बोरूबहाद्दर
वाद कसा मिटला? व्यक्तीचं नाव लावलं की अर्थच गेला. एन्थाल्पीला मी 'ऊष्माशय' सुचवतो. जल साठतं तो जलाशय, ऊष्मा साठते तो ऊष्माशय. मूळ ग्रीक क्रियापदातही 'आत ऊब देणं' हाच भाव आहे.

ट्रॉम्बे_लाइन
ऊष्माशयाला माझा ठाम विरोध. उष्णता साठत नाही. ती एकीकडून दुसरीकडे जाते, तेवढ्यापुरतीच उष्णता. इंग्रजीतही पूर्वी 'हीट कंटेंट' म्हणत, तो शब्द याच कारणाने मागे पडला. एन्थाल्पी म्हणजे आंतरिक ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान. १०० अंशांना १८ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ४०.७ किलोज्यूल लागतात. त्यातले तीनेक किलोज्यूल वाफेला जागा करून द्यायला, बाहेरची हवा मागे सारण्यात जातात. हा हिशेब 'आशया'त कुठे दिसतो?

कोपऱ्यातली_खुर्ची
'मुक्त' इतक्यात टाकू नका. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८८२ मध्ये हा शब्द वापरला तो 'बद्ध'च्या जोडीने. तापमान गुणिले एन्ट्रॉपी एवढा भाग बद्ध, उरलेला कामाला मोकळा. बद्ध-मुक्त ही जोडी आपल्या संतवाङ्मयात इतकी मुरलेली आहे की मराठी मुलांना ती इंग्रजी मुलांपेक्षा लवकर उमगावी. अडचण एवढीच की आपण 'मुक्त' एकटाच आणला, 'बद्ध' मागेच राहिला.

शाईपेन_दादर
हे फार उपयोगी आहे. 'कामाला मोकळी ऊर्जा' असं फोड करून सांगता येईल.

गिरगाव_चाळ
आमच्या चाळीत कल्हईवाला यायचा, त्याच्याकडून नवसागराचा खडा मागून आम्ही पाण्यात टाकायचो. पेला गार पडायचा. आता नातवाला तेच करून दाखवते. नवसागर विरघळताना उष्णता आत घेतो, म्हणजे एन्थाल्पी वाढते, तरी तो आपोआप विरघळतो. एन्ट्रॉपी इतकी वाढते की मुक्त ऊर्जा घटतेच. त्या मुलीला हे करायला लावा, दोन्हींतला फरक तिच्या हाताला कळेल.

बोरूबहाद्दर
आजींनी माझंच काम केलं. नवसागर हा फारसी नौशादर. मराठीने त्याला 'सागर' जोडून घरचा केला. मग एन्थाल्पीवर एवढी मेहनत घ्यायला काय हरकत आहे?

माटुंगेकर
तो शब्द बाजारात फिरून बदलला, कोणा समितीने बसून घडवला नाही. शिवाय ही मुलं उद्या सीईटीला बसतील, तिथे त्यांना एन्थाल्पीच भेटणार.

बोरूबहाद्दर
'महापौर'सुद्धा बसूनच घडवला होता. आज मुंबईत तो कोणाला परका वाटतो?

ट्रॉम्बे_लाइन
महापौर चुकीचं काही शिकवत नाही, ऊष्माशय शिकवतो. आणि ऊ दीर्घ का? वर्तमानपत्रांत 'उष्माघात' ऱ्हस्व असतो.

बोरूबहाद्दर
उष्ण ऱ्हस्व, ऊष्मा दीर्घ. वर्तमानपत्रं व्याकरण ठरवत नाहीत.

कोपऱ्यातली_खुर्ची
संस्कृत कोशांत 'उष्मन्' आणि 'ऊष्मन्' दोन्ही सापडतात. मराठी पुस्तकांत 'ऊष्मागतिकी' दीर्घ छापतात, बोलताना मात्र 'काय उष्मा आहे' हे ऱ्हस्वच ऐकू येतं.

गिरगाव_चाळ
आमच्याकडे उष्मा कोणी म्हणत नाही, उकाडा म्हणतात.